गूळ गेली, तीळ उरली. आता दुसरी आणावी का?



दोन महिने इथे काहीच लिहिलं नाही. मंदिरात दोघी-तिघींनी विचारलं, बरं नव्हतं का? तब्येत ठीक होती. घरातला एक लहानसा जीव गेला आणि मी त्यावरून रडत होते, हे सांगायची लाज वाटत होती. माणूस गेलं तर लोक भेटायला येतात, पिठलं-भात पाठवतात. गिनीपिग गेला म्हणून कुणाला सांगायचं?

२०२१ च्या संक्रांतीला त्या दोघी आमच्या डोंबिवलीच्या घरात आल्या. शाळा मोबाईलवर भरत होती, लेक आठ वर्षांची, दिवसभर घरात एकटी. तिच्या हट्टापुढे आम्ही नमलो आणि दुकानातून दोन पिल्लं आणली. एक काळी-करडी, एक तांबूस. नावं शोधावी लागलीच नाहीत, तीळ आणि गूळ. कुत्रं-मांजर आपल्या घरात कठीण, कारण त्यांच्या खाण्याचा प्रश्न येतो. हा प्राणी मात्र पूर्ण गवतावर आणि भाजीवर जगणारा, म्हणून सासूबाईही तयार झाल्या.

या ज्येष्ठात गूळ गेली. ती कशी गेली हे लिहिणं अवघड आहे, पण लिहिते, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

गिनीपिगचे दात आयुष्यभर वाढत राहतात. गवत चघळून ते झिजतात. आतल्या दाढा वेड्यावाकड्या वाढल्या की प्राण्याला भूक असते, पण चावता येत नाही. गूळ वाटीपाशी यायची, कोथिंबिरीची काडी उचलायची आणि टाकून द्यायची. मला वाटलं, नखरे करते आहे. घरात पाहुणे होते, मी स्वयंपाकात अडकलेले. तिसऱ्या दिवशी ती कोपऱ्यात फुगून बसली, तेव्हा टोपलीत घालून लोकलने ठाण्याला नेलं. अशा लहान प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर आमच्या जवळपास मिळाले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, या प्राण्याचं पोट एक दिवस रिकामं राहिलं तरी आतडी मंदावतात, तुम्ही पहिल्याच दिवशी यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

हे प्राणी दुखणं लपवतात. दिसतं ते वजनात. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिला ठेवलं असतं, तर दोन आठवडे आधीच कळलं असतं. काटा माझ्या ओट्यावरच होता, त्यावर मी रवा मोजत होते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. स्वाध्यायात हे पाच मी कितीदा म्हटले असतील. अन्नपाननिरोध म्हणजे जनावराला उपाशी ठेवणं, ते निर्दय माणसं करतात, असंच मनात असायचं. भरलेल्या वाटीसमोरही एक जीव माझ्या घरात उपाशी राहिला. मुद्दाम नाही, प्रमादाने. पण आपल्याकडे प्रमादाची चर्चा उगीच इतकी केलेली नाही.

आता तीळ एकटी आहे.

पूर्वी भाजीच्या पिशवीचा आवाज आला की दोघी शिट्ट्या मारायच्या. आता तीळ आवाज करत नाही. खाते, वजन ठीक आहे, ते मी आता दर रविवारी वहीत लिहिते. पण गूळ ज्या कोपऱ्यात बसायची, तिथेच जाऊन बसते. लेक रोज विचारते, "आई, हिला कुणी आणायचं का?" आणि लगेच म्हणते, "पण मग गूळला विसरलो असं होईल ना?"

घरात चार मतं झाली. सासूबाई म्हणाल्या, "नको गं, पुन्हा जीव लावायचा आणि पुन्हा रडायचं." हे म्हणाले, "चार दिवस जातील, होईल तिला सवय." स्वाध्यायातल्या एका मावशींनी तर थेट सुनावलं, "नेमिनाथांनी कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश ऐकून वरात माघारी फिरवली, आणि तू नवा पिंजरा भरायला निघालीस?" मला स्वतःला विचाराल तर अगदी गूळसारखीच तांबूस हवी होती.

त्या माझ्या हवेपणापाशीच मी थांबले. प्रिय वस्तूचा वियोग झाल्यावर ती परत मिळावी म्हणून सतत झुरणं, याला आपल्याकडे इष्टवियोगज आर्तध्यान म्हणतात. तशीच तांबूस आणायची, तिलाही गूळच म्हणायचं, हे त्यातलंच. त्यात येणाऱ्या जिवाचा विचार कुठेच नाही. म्हणून मी स्वतःला एक प्रश्न विचारायचं ठरवलं: हे मी कुणासाठी करते आहे?

माझ्यासाठी असेल तर नको. लेकीचे डोळे पुसण्यासाठी असेल तरी नको. मरण पाहणं, त्यावर रडणं आणि आपली चूक कबूल करणं हे तिला शिकू द्यावं. नवं पिल्लू आणून तिचं रडणं थांबवलं, तर जीव म्हणजे बदलून मिळणारी वस्तू असंच ती शिकेल. पण तिळीसाठी असेल, तर मात्र प्रश्न वेगळा होतो.

गिनीपिग कळपात राहणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून नियमच आहे की असे प्राणी किमान जोडीने ठेवावेत, एकट्याला ठेवायचं नाही. जोडीतला एक गेला की उरलेल्याला सोबती भाड्याने देण्याची सोयसुद्धा तिथे निघाली. ऐकायला गंमत वाटते, पण त्यामागे आमच्या घरातलाच पेच आहे. एक गेला, दुसरा आणला, मग पहिला गेला, दुसरा एकटा, मग तिसरा. ही साखळी संपतच नाही. कोंडणं हा अतिचार, तर एकटं कोंडणं हा त्याहून मोठा, असं मला वाटतं. "सवय होईल" हे ह्यांचं म्हणणं मी म्हणूनच मान्य केलं नाही. गप्प बसण्याला आपण सवय म्हणतो.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला जास्त वेळ लागला. नेमिनाथांनी सोडवलेल्या प्राण्यांना जायला रान होतं. तिळीला रान नाही. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी हा प्राणी माणसाळवला, तोही खाण्यासाठी. घरातला गिनीपिग आज रानात कुठेच राहत नाही. डोंबिवलीत सोसायटीच्या बागेत सोडली, तर संध्याकाळपर्यंत कावळे किंवा मांजर तिला संपवतील. पिंजऱ्याचं दार उघडणं म्हणजे अभयदान, असं प्रत्येक वेळी होत नाही.

मग दुकानातून आणावी का? इथे माझं मत ठाम आहे: नाही. "तिथल्या पिंजऱ्यातून एक तरी जीव सोडवला" असं २०२१ मध्ये मीही मनाला समजावलं होतं. आपल्यातले काही जण पर्वाच्या दिवशी पक्षी विकत घेऊन सोडतात. त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे. पण पैसे मिळाले की पकडणारा दुसऱ्या दिवशी पुन्हा जाळं लावणारच. दुकानाचंही तसंच. रिकाम्या पिंजऱ्यात उद्या दुसरं पिल्लू येतं, आणि त्यासाठी कुठेतरी एक मादी पुन्हा गाभण ठेवलेली असते. २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. मी तेव्हा नोंदणी विचारली नाही, पिल्लांची आई कुठे आहे तेही विचारलं नाही. रंग तेवढे निवडले.

राहिला तिसरा रस्ता, कुणाला नकोशा झालेल्या प्राण्याला घेणं. आपल्या पांजरपोळांची कल्पना हीच. १८३२ मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याविरुद्ध मोठा दंगा झाला आणि १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. पांजरपोळ हौसेने गाय विकत आणत नाही. म्हातारी, लंगडी, सोडून दिलेली येते तिला ठेवून घेतो. तिथे बंध आपण निर्माण करत नाही, आधीच झालेल्या बंधात त्या जिवाचं दुःख कमी करतो.

शेजारचे काका अजून तिळीला "तुमचा उंदीर" म्हणतात. त्यांना मी मुंबईची एक गोष्ट सांगितली. १८९६ मध्ये इथे प्लेग आला आणि घरंच्या घरं रिकामी झाली. रोग पसरतो कसा, हे काही वर्षं कळत नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परळच्या प्रयोगशाळेतले ग्लेन लिस्टन आणि त्यानंतर प्लेग कमिशनचे डॉक्टर यांनी प्लेग झालेल्या खोल्यांमध्ये गिनीपिग सोडले. उंदरांवरच्या पिसवा त्यांच्या अंगावर चढत आणि ते प्लेगने मरत. उंदराच्या पिसवांमधून प्लेग पसरतो, हे पटायला त्या बिचाऱ्यांचा असा उपयोग झाला. आपल्या पणजी-खापरपणजीच्या काळातल्या या शहरावर त्यांचं ऋण आहे. त्यांनी ते राजीखुशीने दिलं नव्हतं, आपण घेतलं होतं. काका गप्प झाले. दुसऱ्या दिवशी मटारच्या ओल्या शेंगांची सालं घेऊन आले.

आता थोडं स्वयंपाकघराचं, कारण निर्णय शेवटी तिथेच निभावायचा असतो. माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज खाण्यातून द्यावं लागतं. चित्रात त्यांच्यापुढे नेहमी गाजर असतं. आमच्या घरात कंदमूळ येत नाही, आणि त्यावाचून काही अडलं नाही. ढोबळी मिरची आणि कोथिंबीर पुरते. मुख्य खाणं मात्र गवत, तेही भरपूर, कारण त्यानेच दात झिजतात. सुकं गवत मागवते आणि फडके रोडवरून हरळी आणून धुऊन घालते. फुलवाली एकदा म्हणाली, "ताई, रोजच्या गणपतीला एवढ्या दूर्वा?"

चातुर्मासात आम्ही पालेभाजी सोडतो. सासूबाई म्हणाल्या, "आपला नियम, आणि घरात रोज कोथिंबिरीची जुडी?" मी म्हटलं, "नियम माझा आहे, तिचा नाही. माझा त्याग तिच्या वाटीवर लादला, तर तोही अन्नपाननिरोधच होईल." सासूबाईंनी काही उत्तर दिलं नाही. आता जुडी त्याच निवडतात. लेकीने विचारलं होतं, तीळ रात्री खाते, तिला रात्रीभोजनाचं पाप लागतं का? त्यावर आजी म्हणाली, "आधी तू तुझं बघ."

गेल्या आठवड्यात कल्याणहून ओळखीतून निरोप आला. एका कुटुंबाची बदली झाली आहे, तीन वर्षांची मादी आहे, कुणी घेईल का? रंग पांढरा, एका कानाला जुनी चीर. मला हवी होती तशी अजिबात नाही, म्हणूनच मला माझ्या मनाची खात्री पटली. मी हो म्हटलं. पहिले दोन-तीन आठवडे ती वेगळ्या खोलीत राहील, एखादा आजार असला तर तिळीला लागू नये म्हणून. मग दोघींना एकमेकींची ओळख नसलेल्या मोकळ्या जागी भेटवायचं. त्यांचं पटेलच असं नाही. नाही पटलं, तर दोन पिंजरे शेजारी ठेवायचे. आवाज आणि वास तरी सोबतीला राहील.

आणि साखळीचं काय? तीळ साडेचार वर्षांची आहे. यांचं आयुष्य साधारण पाच ते आठ वर्षांचं. ती आधी जाईल, पांढरी उरेल. त्या दिवशी मी आणखी एक आणणार नाही. जिथे आधीच गिनीपिग आहेत असं चांगलं घर शोधून पांढरीला तिथे देईन. तिला आपल्याच घरात ठेवायचा हट्ट हाही परिग्रहच. हे आज सगळ्यांसमोर लिहून ठेवते आहे, म्हणजे त्या दिवशी माझी मीच पळवाट काढणार नाही.

तुमच्या घरात असा प्रसंग आला तर माझं मत एवढंच. मागे कुणी उरलं नसेल, तर लगेच काही आणू नका. रिकामा पिंजरा धुऊन ठेवा किंवा गरज असलेल्याला देऊन टाका आणि रडून घ्या. मागे एकटा जीव उरला असेल, तर त्याच्यासाठी सोबत शोधा. ती दुकानात शोधू नका, आणि वयाने मोठी असली तरी चालेल. आणि रविवारी वजन करायला विसरू नका.

दशलक्षण पर्व जवळ आलं आहे. क्षमावाणीच्या दिवशी आपण घरोघर क्षमा मागतो. यंदा माझ्या यादीत पहिलं नाव गुळीचं आहे. ती ऐकायला नाही, हे मला माहीत आहे.

उत्तम क्षमा.