घरून काम कोणाला मानवते?

“आईला आता दिवसभर एकटी ठेवता येत नाही. आमची कंपनी घरून काम करण्याची मुभा देते आहे. परंतु माझ्या स्वभावाला ते मानवेल का?” असे पुण्याच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे. त्यांचे वय ४६, नोकरी सॉफ्टवेअर कंपनीत. आई ७८ वर्षांच्या, स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेली. पत्र चार पानांचे आहे आणि त्यातली साडेतीन पाने आईविषयी आहेत. स्वतःच्या स्वभावाविषयी त्यांनी एकच वाक्य लिहिले आहे : “मी मूळचीच एकलकोंडी, तेव्हा तुला सहज जमेल, असे सगळे म्हणतात.”

या ‘सगळ्यां’शी माझे मतभेद आहेत. माणसांचे अंतर्मुख आणि बहिर्मुख असे प्रकार कार्ल युंग यांनी १९२१ च्या आपल्या ग्रंथात मांडले आणि पुढे ते शब्द घरोघरी पोहोचले. अंतर्मुखाला घर आवडते, म्हणून त्याला घरून काम मानवेल, असा सरळ हिशेब लोक करतात. पण हा हिशेब घरात दुसरे कोणी नसेल तेव्हाच जुळतो. एकांतप्रिय मनुष्याला कार्यालयात जाता-येता बसमधली पाऊण तासाची खिडकी मिळते. तेवढा वेळ तो कोणाचाच नसतो. घरून काम सुरू झाले की पहिल्यांदा ती खिडकी जाते, आणि ज्या घरात आजारी माणूस आहे तिथे तिच्या जागी दर दहा मिनिटांनी एक हाक येते. आपल्या भगिनींना एकांत वाढेल असे वाटते आहे. माझ्या मते त्यांचा आहे तोही संपेल.

आपला स्वभाव आपल्याला ठाऊक असतो, हीदेखील अर्धीच खरी गोष्ट. चीनमधील सीट्रिप या प्रवास कंपनीने शांघाय येथे २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने एक प्रयोग केला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी त्याचे अभ्यासक होते. दूरध्वनीवरून ग्राहकांशी बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी ज्यांनी स्वतःहून घरून काम मागितले आणि ज्यांच्याकडे स्वतंत्र खोली होती, अशांनाच त्यात घेतले. जन्मतारीख सम असलेले आठवड्यातील चार दिवस घरून, तर विषम असलेले पूर्ण वेळ कार्यालयातून काम करू लागले. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. बहुतेक लेख इथेच थांबतात. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. प्रयोग संपल्यावर पुन्हा निवड करण्याची मुभा दिली, तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे कार्यालयात परतले. एकटेपणाची तक्रार त्यांत मोठी होती. हौसेने घर मागितलेल्या माणसांची ही गोष्ट आहे!

त्या वाढलेल्या कामाचा बराचसा भाग लोकांनी विश्रांती आणि आजारपणाच्या रजा कमी घेतल्याने आला होता, हेही शुश्रूषा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. घरी बसलेला मनुष्य थकत नाही, असे इतरांना वाटते आणि हळूहळू त्यालाही वाटू लागते.

मग स्वभावात पाहावे काय? मी दोन गोष्टी पाहीन. पहिली, अर्धवट सोडलेले काम आपल्याला पुन्हा तिथूनच उचलता येते का. काहींना येते, कुकरची शिट्टी, दाराची घंटा, आईची हाक, सगळे आटोपून ते त्याच ओळीवर परततात. इतरांचे मन मात्र एकदा उठले की अर्धा तास परत बसत नाही. यात कमीपणा काहीच नाही, पण अशा व्यक्तीने घरून काम आणि शुश्रूषा एकत्र घेतली तर दोन्हींकडे अपराधी भावना वाट्याला येते. दुसरी गोष्ट सीमारेषेची. समाजशास्त्रज्ञ क्रिस्टिना निपर्ट-एंग यांनी १९९६ च्या पुस्तकात दाखवले आहे की काही माणसे घर आणि काम काटेकोर वेगळे ठेवतात, किल्ल्यांचे जुडगेसुद्धा निराळे; तर काहींच्या बाबतीत दोन्ही सहज मिसळते. बहुतेक लोक मध्ये कुठेतरी असतात. आपण पहिल्या टोकाकडचे असाल तर जेवणाच्या टेबलावरचा संगणक आपल्याला रात्रीही दिसत राहील.

आता आईंकडे वळू, कारण स्वभाव त्यांचाही आहे. लेक घरात दिसते, बोलताना दिसते, पण ते बोलणे आपल्याशी नाही, हे स्मृतिभ्रंशात उमगणे कठीण असते. आई उत्तर देतात, पडद्यावरची माणसे दचकतात, लेक हाताने ‘थांब’ अशी खूण करते. आईंना उमगते ते एवढेच की आपल्याला गप्प केले. शिवाय या आजारात पुष्कळांची अस्वस्थता दिवेलागणीला वाढते. ‘मला घरी जायचे आहे’ हे घरातच बसून म्हणणे सुरू होते. आणि न्यूयॉर्कमधले सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळचे ६.३०, हिवाळ्यात ७.३०. अमेरिकेतील ग्राहकांशी बोलण्याची वेळ नेमकी तीच. पत्रात कामाच्या वेळा लिहिलेल्या नाहीत. मी तो प्रश्न सर्वांत आधी विचारला असता.

एक गोष्ट मात्र स्वभावावर सोडता येणार नाही. आई एकट्या दाराबाहेर जात असतील, गॅस चालू ठेवत असतील किंवा तोल जाऊन पडत असतील, तर शेजारच्या खोलीत संगणकासमोर बसलेली लेक म्हणजे देखरेख नव्हे. कामाच्या तासांपुरती मदतनीस बाई घरात हवीच. ‘मी घरीच आहे, मग बाईचा खर्च कशाला?’ हे वाक्य भावंडांच्या तोंडी येते. ते येण्यापूर्वीच खर्चाची वाटणी बोलून घ्यावी.

भगिनींनी राजीनाम्यासारखा एकतर्फी निर्णय घेऊ नये. वरिष्ठांकडे आठवड्यातील दोन दिवस, तीन महिन्यांपुरते, घरून काम मागावे आणि कार्यालयातील आपली जागा राखून ठेवण्याचे लेखी घ्यावे. त्या दिवसांची छोटी नोंद ठेवावी : किती वेळा उठलो, जेवण कितीला झाले, आईवर आवाज चढला का, काम संपल्यावर बंद करता आले का. सायंकाळी मदतनीस बाई असतानाच वीस मिनिटे एकटीने फिरून यावे. बसमधली खिडकी गेली, तिची ही भरपाई.

आणि आईंना अजून पुष्कळ कळते आहे, तोवर त्यांनाही विचारावे. चार पानांत ते विचारल्याचा उल्लेख मला सापडला नाही. सकाळी, चहा झाल्यावर, त्यांचे मन निवांत असते असे पत्रातच लिहिले आहे. तीच वेळ बरी.