प्रसिद्धी हवी, हमी नको

व्यसनमुक्तीच्या निवासी केंद्रांना प्रसिद्धीचे वावडे असू नये. अनिल अवचट यांचे गर्दच्या व्यसनावरील लेख वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी साहाय्य देऊ केले आणि १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. परंतु ती प्रसिद्धी प्रश्नाची होती. ‘हमखास मुक्ती’ची जाहिरात ही निराळी गोष्ट होय. उपचाराचा दर्जा रुग्णाला आधी पारखता येत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले. गांजलेले कुटुंब तर घासाघीसही करीत नाही. म्हणून केंद्रांनी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याखालील नोंदणी, एकूण खर्च आणि वर्षभरानंतर किती जण व्यसनापासून दूर राहिले, एवढेच छापावे. खाटा कदाचित सावकाश भरतील. विश्वास मात्र टिकेल.