शाळा कुरणात जाते

अंगणवाडी हा शब्द हल्ली इतका सरकारी झाला आहे की, तो मंत्रालयातल्या एखाद्या टेबलावर जन्मला असावा, असेच पुष्कळांना वाटते. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली आणि या नावाची केंद्रे गावोगाव उघडली, हे खरे. पण त्याच्या कितीतरी आधी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींनी खरोखरीच्या अंगणात मुले जमवून ही वाडी भरवली होती.

१९४५ साली ताराबाई बोर्डीला आल्या तेव्हा त्यांचे वय ५३ होते. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम झालेले, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झालेला, बालशिक्षणात नाव कमावलेले. एखादी बाई म्हणाली असती, आता शहरात बसून व्याख्याने द्यावी. या निघाल्या खेड्यात. तिथे बालवाडी उघडली, तर गरीब वस्तीतली मुले येईनात! आता ‘मुले येत नाहीत’ ही तक्रार काही नवी नाही. हजेरीपुस्तकात गैरहजेरी मांडली की, आपली जबाबदारी संपली असे मानणारे गुरुजी तेव्हाही होते. या दोघींनी मुले का येत नाहीत हे पाहिले आणि बालवाडीच उचलून वस्तीत नेली. आधी आंघोळ, वेणीफणी, मग गाणी आणि खेळ. आणि हे सारे आयांच्या डोळ्यांदेखत. आपल्या पोराला ही बाई काय करते आहे, हे आईला चुलीपाशी बसून दिसत होते. विश्वास बसायला याहून चांगला उपाय मला तरी सुचत नाही.

दुसरी अडचण साधनांची. माँटेसरीबाईंची ती गुळगुळीत लाकडी साधने सुरेख खरी, पण त्यांची किंमत ऐकून खेड्यातली शाळा उघडण्याआधीच बंद पडावी. मग खडे आले, बिया आल्या, पाने-फुले आली, माती आली. आणि शंखशिंपल्यांना तर बोर्डीच्या किनाऱ्यावर तोटा नव्हता. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-मऊ हे मुलाच्या बोटांना कळायचे, तर त्या वस्तूवर परदेशी कारखान्याचा शिक्का कशाला हवा?

पुढे १९५६-५७च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांमध्ये गेले. (तेव्हाचा ठाणे जिल्हा, २०१४पासून पालघर.) तिथे पेच आणखी कठीण. मुलगे गुरांमागे आणि मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे. शाळेत यायचे कोणी? मुलींसाठी ‘विकासवाडी’ निघाली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. बाळाला पाळण्यात ठेवायचे, मधल्याला बालवाडीत सोडायचे आणि आपण पाटी घेऊन वर्गात बसायचे. गुराख्यांसाठी ‘कुरणशाळा’. गुरे जिथे चरतात तिथे शिक्षकच साहित्य घेऊन जायचे. ज्या पोराला सगळी गुरे परत आली की नाही हे रोज संध्याकाळी पाहावे लागते, त्याला मोजणी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. फक्त आकडा कसा लिहितात ते दाखवावे लागते.

माझे एक स्नेही यावर रागावतात. म्हणतात, “म्हणजे पोरांनी गुरेच राखायची आणि आपण त्याचे कौतुक करायचे?” त्यांचा राग रास्त आहे. कुरणशाळा ही दारिद्र्याशी केलेली तडजोड होती, तिच्यात काव्य शोधू नये. पण दारिद्र्य संपेपर्यंत पाटी कोरी ठेवायची, हाही काही न्याय नव्हे. ज्याचे बालपण आज चालू आहे त्याला उद्याची वाट पाहता येत नाही.

नावीन्य म्हटले की आता यंत्र डोळ्यांसमोर येते. यंत्राला माझा विरोध नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी क्यूआर कोडच्या वापरासाठी गाजले आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली, हे मला त्या कोडहून अधिक आवडले.

काळजी वेगळीच आहे. २०२३ साली आपल्या राज्यात २०पेक्षा कमी पटाच्या शाळांची मोजदाद झाली, त्या १४ हजारांहून अधिक निघाल्या, आणि त्यांच्याऐवजी मोठ्या ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा, वाचनालय, खेळायला भिडू मिळतात. एका खोलीत चार इयत्ता सांभाळणाऱ्या एकट्या गुरुजींची ओढाताणही थांबते. हे मी नाकारत नाही. पण शिक्षणहक्क कायद्याखालच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे, ते उगाच नाही. पाड्यावरून ओढा ओलांडून, डांबरी रस्त्यापर्यंत चालत येऊन मुलांनी बस गाठायची आहे. विकासवाडीत जिच्या धाकट्या भावासाठी पाळणा टांगला होता, तसली मुलगी आजही पाड्यावर आहे. बसमध्ये तिच्यासाठी जागा असेल; कडेवरच्या भावाचे काय, हे तिला कोणी विचारले आहे का?