दिलासा करात, विसर घरखर्चाचा

रायपूर : 1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत 12 लाख रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले, प्रमाणित वजावट धरून पगारदारांसाठी 12 लाख 75 हजार. चारच दिवसांनी दिल्लीत मतदान होते, हे येथे लक्षात घ्यावे लागेल.

तात्यापाऱ्यातील मराठी कर्मचाऱ्यालाही दिलासा मिळाला. परंतु घरभाडे, मुलांची फी, विम्याचा हप्ता यांची वजावट नव्या प्रणालीत नाही. जुनीत ती आहे; मात्र घरभाडे सवलतीची पगाराशी निगडित मर्यादा मुंबई-दिल्लीत 50, तर रायपुरात 40 टक्के. बचतीवरील दीड लाखाची मर्यादाही 2014 पासून जैसे थे. जुनी प्रणाली रद्द न करता तिला निरुपयोगी होऊ देणे, हेच सरकारचे धोरण दिसते. भाड्याच्या घरातील, अधिक वेतनाच्या बदलीवाल्यांनी दोन्ही हिशेब मांडूनच निवड करावी.