सुलतानी अमदानीतील संस्कृत लेख आणि वऱ्हाडचा स्थानिक समाज

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात कोरीव लेखांना स्थान मिळते ते बहुधा एकाच प्रश्नापुरते : आद्य मराठी वाक्य कोणते? त्यासाठी अक्षी, श्रवणबेळगोळ आणि पंढरपूर येथील लेख वाचले जातात, शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) हा ग्रंथ चाळला जातो आणि यादवांची सत्ता संपली की शिलालेखांचा अध्यायही मिटतो. त्यानंतरचे संस्कृत लेख संस्कृत विभागाचे आणि फार्सी लेख इतिहास विभागाचे, अशी एक अलिखित वाटणी झालेली आहे. मुसलमान राज्यकर्त्यांच्या अमदानीत कोरलेले संस्कृत लेख या वाटणीत कोणाच्याच पदरी पडले नाहीत. जेव्हा केव्हा त्यांचा उल्लेख होतो, तेव्हा तो राज्यकर्त्याला सहिष्णुतेचे किंवा असहिष्णुतेचे प्रमाणपत्र देण्यासाठी होतो. वस्तुतः या लेखांत राजा हा पुष्कळदा कालगणनेचा एक भाग असतो. शक, संवत्सर, तिथी आणि त्यांच्या जोडीला गादीवरच्या सुलतानाचे नाव. समाज असतो तो लेखाच्या उत्तरार्धात, दात्यांच्या, अधिकाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या नावांत. म्हणून हे लेख खालून वर वाचले पाहिजेत.

कल्याण (आजचे बसवकल्याण, जि. बीदर) येथील शके १२४८ चा, म्हणजे इ.स. १३२६ चा संस्कृत लेख या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. पी. बी. देसाई यांनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’त संपादित केला. काळ महंमद तुघलकाचा. कल्याणचा कारभार खोजा अहमद या अधिकाऱ्याकडे. बंडाळीच्या दिवसांत मधुकेश्वराच्या मंदिरातील शिवलिंगाची मोडतोड झाली. पुढे मंदिराशी संबंधित मंडळींनी या अधिकाऱ्याकडे दाद मागितली आणि त्याच्या संमतीने लिंगाची पुनःस्थापना झाली. आता, ‘लिंग भंगले’ एवढेच वाचणारा आपला निष्कर्ष घेऊन जातो आणि ‘संमती मिळाली’ एवढेच वाचणारा आपला. दोघांनाही एकच शिळा पुरते! परंतु दाद मागण्याची पत असलेला एक वर्ग गावात टिकून होता, कोणत्या कचेरीत कोणाला भेटावयाचे हे त्याला ठाऊक होते, आणि मिळालेली संमती संस्कृतात, दगडावर नोंदवून ठेवण्याची त्याला गरज वाटली, या गोष्टींकडे दोघांचेही लक्ष जात नाही. उद्या अधिकारी बदलला तर दाखवावयास काही असावे, हाही त्या कोरण्यामागचा हेतू असू शकेल.

दमोह जिल्ह्यातील बटिहागढच्या संवत् १३८५ (इ.स. १३२८) च्या लेखात जलाल खोजा या मुसलमान अधिकाऱ्याने गोमठ, बाग आणि बारव बांधविल्याची हकीकत संस्कृत पद्यात येते. रायबहादुर हिरालाल यांनी तो प्रकाशात आणला. लेखाच्या शेवटी प्रशस्तिकार कायस्थाचे आणि सूत्रधारांचे उल्लेख आहेत. बारवेचे पाणी पिणाऱ्यांना सुलतानाच्या नावापेक्षा ही मंडळी अधिक परिचयाची असणार.

वऱ्हाडला अधिक जवळचा लेख बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत आहे. खानदेशचा फारुकी सुलतान आदिलशाह, म्हणजेच राजा अली खान, याने बांधविलेल्या या मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला संस्कृत लेख कोरलेला आहे. प्रारंभी सृष्टिकर्त्याला वंदन असून ईश्वराचे वर्णन अव्यक्त, व्यापक, गुणातीत अशा शब्दांत केले आहे. मूर्तीचा उल्लेख टाळून वेदान्ताच्या परिभाषेत दोन्ही धर्मांना चालेल अशी वाट रचनाकाराने चातुर्याने काढली आहे. पुढे फारुकी घराण्याची वंशावळ येते आणि मग कालनिर्देश. संवत् १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध दशमी, सोमवार. नक्षत्र, योग, करण यांच्या घटिका. आणि रात्रीच्या अकरा घटिका गेल्यानंतरचे कन्या लग्न. मशिदीच्या बांधकामासाठी इतका काटेकोर मुहूर्त! इ.स. १५९० च्या आरंभी बुऱ्हाणपुरात पंचांग मांडणारा कोणी जोशी या कामाशी जोडलेला होता आणि त्याचे गणित मशिदीच्या भिंतीवर कोरण्यास कोणाची हरकत नव्हती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. त्यापलीकडे जाऊन समाजातल्या सलोख्याचे चित्र रंगविणे मात्र धाडसाचे होईल. दरबाराने कोरविलेला लेख दरबाराची भाषा बोलतो. मराठीच्या अभ्यासकाला त्यातील शब्दरूपे अधिक बोलकी वाटावीत. आदिलशाहाचा येथे ‘एदलशाह’ झाला आहे आणि मशिदीसाठी ‘मसीति’ हा शब्द आला आहे. वेरावळच्या इ.स. १२६४ च्या लेखात हाच शब्द ‘मिजिगिति’ असा होता. सव्वातीनशे वर्षांनंतरच्या बुऱ्हाणपूरच्या लेखकापुढे परका शब्द उरलाच नव्हता. बोलीत रुळलेले रूप त्याने उचलले.

प्रत्यक्ष अमरावती आणि अकोला या परिसरात असा शोध घेऊ लागले की प्रथमदर्शनी निराशा होते. गाविलगड आणि नरनाळा या दोन्ही दुर्गांच्या दरवाजांवरील लेख फार्सी-अरबी वळणाचे आहेत. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा हिजरी ८९२ चा, इ.स. १४८७ चा, त्याच्या सुलेखनाची वाखाणणी प्रत्येक प्रवासी करतो. बहमनी, इमादशाही, १५७४ नंतर निजामशाही आणि १५९६ नंतर मोगल, अशा चार राजवटी या भूमीवरून गेल्या, आणि त्यांनी आपले लेखन किल्ल्यांवर, वेशींवर, मशिदींवर ठेवले. त्यामुळे यादवांबरोबर वऱ्हाडातील संस्कृत कोरीव लेखनही थांबले, असा समज सहज होतो.

हा समज कारंज्याला गेल्यावर टिकत नाही. कारंजा (लाड) हे गाव १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते, आता ते वाशिम जिल्ह्यात आहे. नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन दिगंबर परंपरांची मंदिरे येथे आहेत. त्यांच्या ग्रंथभांडारांतील अपभ्रंश पोथ्यांवर अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातून डॉ. हिरालाल जैन यांनी काम केले आणि १९३० च्या दशकात कारंजा जैन ग्रंथमाला उभी राहिली. पोथ्यांना असा वाली मिळाला. त्याच परंपरांच्या मूर्तींच्या पीठिकांवरील चार-दोन ओळींचे संस्कृत लेख विद्याधर जोहरापूरकर यांनी ‘भट्टारक संप्रदाय’ (१९५८) या ग्रंथात इतर साधनांबरोबर संकलित केले. पण तो ग्रंथ हिंदीत असल्याने मराठी विभागांतून क्वचितच उघडला जातो.

या मूर्तिलेखांचा साचा ठरलेला आहे. शक किंवा संवत्, तिथी, संघ, गण, गच्छ, भट्टारकांची गुरुपरंपरा, मग दात्याची ज्ञाती आणि गोत्र, त्याचे नाव, भार्येचे नाव, पुत्र, कधी स्नुषा, आणि शेवटी ‘नित्यं प्रणमति’. सुलतानाचे नाव बहुतेक वेळा नसतेच. प्रशस्तीची सवय झालेल्या वाचकाला हा लेख रुक्ष वाटेल. पण समाजेतिहासाला लागणारे जवळजवळ सारे येथेच आहे. बघेरवालांसारखी व्यापारी ज्ञाती, तिची गोत्रे, तिचे गुरू, एका कुटुंबाच्या दोन-तीन पिढ्या आणि स्त्रियांची नावे, जी राजप्रशस्तीत राणीखेरीज कोणाच्या वाट्याला येत नाहीत. ‘भार्या’ हा शब्द संस्कृत आणि त्याच्या पुढचे नाव मात्र घरात हाक मारावयाचे. राजवटी बदलत असताना भट्टारकांचा क्रम आणि प्रतिष्ठेचे खर्च चालू राहिले, ही वस्तुस्थिती कोणत्याही तवारिखेतून मिळणारी नाही.

मराठी वाङ्मयेतिहासाशीही या लेखांचा थेट संबंध आहे. प्राचीन मराठीतील जैन ग्रंथकार याच भट्टारक परंपरांशी निगडित होते. एखाद्या कवीने आपल्या गुरूचे नाव दिले आणि शक दिला नाही, तर त्या गुरूच्या हस्ते प्रतिष्ठित झालेल्या मूर्तींवरील शक हाच त्याच्या कालनिश्चितीचा आधार ठरतो. तरीही वाङ्मयेतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत या कवींना एक परिच्छेद मिळतो आणि मूर्तिलेखांना एक ओळही नाही, हे खेदजनक आहे.

या साधनाला मर्यादाही आहेत आणि त्या ओळखूनच ते वापरले पाहिजे. मूर्ती दगडी भिंतीसारखी जागच्या जागी राहत नाही. संवत् १५४८ (इ.स. १४९१) मध्ये मुडासा येथे जीवराज पापडीवाल यांनी भट्टारक जिनचंद्रांच्या हस्ते प्रतिष्ठित करविलेल्या मूर्ती देशभरच्या दिगंबर मंदिरांत पोहोचलेल्या आहेत. अशी मूर्ती वऱ्हाडातील एखाद्या गावात आढळली म्हणून पंधराव्या शतकात तेथे जैन वस्ती होती, असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. शिवाय येथे बोलतो तो पैसा बाळगणारा, मूर्ती घडवू शकणारा वर्ग. कुणबी, माळी, कोष्टी, महार यांचा आवाज या पीठिकांवर नाही. त्यासाठी महानुभावांच्या पोथ्या आणि पुढील काळातील महजर, वतनपत्रे यांच्याकडेच वळावे लागते.

मात्र पोथ्या आणि महजर कपाटात राहू शकतात. धातूच्या मूर्तीला रोजचा प्रक्षाल आणि सणासुदीची घासपूस चुकत नाही. अक्षरे हळूहळू भरून येतात, झिजतात, आणि जीर्णोद्धारात जुनी वेदी हलली की मूर्ती कोठून कोठे गेली याची आठवणही उरत नाही. कारंजा, अकोला, बाळापूर, अचलपूर या गावांत महाविद्यालये आहेत, देवनागरी वाचणारे विद्यार्थी आहेत, आणि विश्वस्तांची संमती घेऊन एका मंदिरातील सारे मूर्तिलेख उतरवून काढणे हे एका लघुप्रबंधाच्या आवाक्यातले काम आहे. संस्कृतचे जुजबी ज्ञान त्यासाठी पुरते, कारण कोरणाऱ्याचे संस्कृतही पुष्कळदा जुजबीच होते. कर्त्याच्या जागी पती, पत्नी, पुत्र अशी सारी माणसे आणि क्रियापद मात्र एकवचनी ‘प्रणमति’, अशी रूपे पीठिकांवर वारंवार भेटतात. लेख उतरवून घेताना ती शुद्ध करण्याचा मोह टाळावा.