विश्लेषण : पेठेतला जुना फ्लॅट घ्यावा का? ‘रिडेव्हलपमेंट’च्या आशेची किंमत कशी तपासायची?

पुण्याच्या मध्यवस्तीखालून जाणारी मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत धावू लागली आणि कसबा पेठ, मंडई ही स्थानके घरांच्या जाहिरातींत झळकू लागली. ‘मेट्रोपासून पाच मिनिटे’च्या जोडीला आणखी एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार आहे’. सदाशिव, नारायण, शनिवार, कसबा या पेठांत वाडे पाडून उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारती आता चाळिशीत आल्या आहेत. लिफ्ट नाही, पार्किंग नाही, तरी भाव चढाच. कारण विकणारा आजच्या घराबरोबर उद्याच्या नव्या इमारतीचेही पैसे मागतो. ती इमारत खरोखर उभी राहू शकते का, हे टोकन देण्यापूर्वी बऱ्याच अंशी तपासता येते.

जमीन कोणाच्या नावावर आहे?

सर्वात आधी पाहायची ती मिळकत पत्रिका, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड. शहरातील जमिनीचा सिटी सर्व्हे क्रमांक मिळाला की ती ऑनलाइनही काढता येते. फ्लॅटचा करारनामा चोख असतो, पण खालची जमीन अजून मूळ वाडामालकाच्या किंवा केव्हाच गाशा गुंडाळलेल्या बिल्डरच्या नावावर, असा प्रकार पेठांत नवा नाही. १९६३च्या मोफा कायद्याप्रमाणे सोसायटी नोंदल्यानंतर चार महिन्यांत जमीन तिच्या नावे करून देणे अपेक्षित होते. तसे होत नाही हे पाहून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची तरतूद आली. त्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागतो आणि जुनी कागदपत्रे जमवण्यातच बराच काळ जातो. मूळ मालकाचे वारस चार शहरांत विखुरलेले असतील आणि त्यांच्यात वाद असेल, तर आणखी.

दुसरा प्रश्न : ही सोसायटी आहे की अपार्टमेंट? पेठांतील छोट्या इमारतींत १९७०च्या कायद्याखालील अपार्टमेंट बऱ्याच दिसतात. तिथे शेअर सर्टिफिकेट नसते. घोषणापत्र आणि प्रत्येकाचे अपार्टमेंट डीड असते. जमिनीतील अविभक्त हिस्सा किती टक्के, हे त्यात लिहिलेले असते. ग्राहक स्वयंपाकघराचा ओटा निरखून पाहतो आणि हा आकडा वाचतच नाही. पुढे इमारत पाडायची वेळ आली, तर वाटाघाटी याच आकड्याभोवती होतात.

तळमजल्यावर जुने भाडेकरू आहेत का, गच्ची किंवा बाजूची मोकळी जागा कोणी आपल्या नावे करून घेतली आहे का, हेही विचारावे. आणि महापालिकेची मिळकत कराची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. ती दाखवून घर विकू पाहणाऱ्याकडे पाठ फिरवलेली बरी.

रस्त्याची रुंदी का मोजायची?

डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत भूखंडावर किती बांधकाम करता येईल, हे मोठ्या प्रमाणात समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. नऊ मीटर ही त्यातली महत्त्वाची पायरी. त्याहून अरुंद गल्लीत जादा एफएसआय किंवा टीडीआर मिळण्याचा मार्ग आक्रसतो. पेठांतल्या अनेक गल्ल्यांमध्ये समोरून टेम्पो आला की दुचाकीस्वाराला कडेला थांबावे लागते. नऊ मीटर म्हणजे जवळपास तीस फूट.

हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. भूखंड ४०० चौरस मीटर, त्यावर ५० चौरस मीटरचे १२ फ्लॅट, म्हणजे आजचे बांधकाम ६०० चौरस मीटर. प्रत्येकाला नव्या इमारतीत ६० चौरस मीटर हवे असतील, तर ७२० चौरस मीटर रहिवाशांनाच गेले. रुंद रस्त्यामुळे एकूण १,२०० चौरस मीटर बांधता आले, तर बिल्डरला विकायला ४८० उरतात. अरुंद गल्लीमुळे ८०० वरच अडले, तर उरतात फक्त ८०. त्या ८० च्या विक्रीतून ८०० चौरस मीटर बांधण्याचा खर्च, रहिवाशांचे दोन-तीन वर्षांचे भाडे आणि नफा निघत नाही. बैठकांवर बैठका होतात, पण बिल्डर फिरकत नाही, त्यामागे बहुतेक वेळा हे गणित असते. सभासदांच्या भांडणांना मात्र उगाच जास्त दोष दिला जातो. सोसायटीच्या पुनर्विकासासाठी ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने ५१ टक्के संमती पुरेशी केली आहे. नफ्याचे गणित कोणताही शासन निर्णय जुळवून देत नाही.

शहराच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. त्यात समोरच्या रस्त्याला रुंदीकरणाची रेषा आहे का, इमारतीचा किती भाग त्यात जातो, हे महापालिकेच्या बांधकाम विभागातून झोन दाखला घेऊन कळते. छोट्या भूखंडाचे दोन मीटर गेले, तरी नवा आराखडा बसवणे अवघड होते.

शनिवारवाड्याशेजारी वेगळे नियम का?

शनिवारवाडा हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. परवानगी घेऊन दुरुस्ती करता येते. पुढच्या २०० मीटरमध्ये बांधकाम होते, पण राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या ना-हरकतीनंतर आणि उंचीच्या मर्यादेत. त्यामुळे एकाच पेठेत दोन सारख्या फ्लॅटपैकी एकाला पुनर्विकासाची शक्यता आणि दुसऱ्याला ती जवळपास शून्य, असे असू शकते. इथे एजंटच्या अंदाजावर न राहता मोजणी नकाशा पाहावा.

नदीकाठच्या पेठांत पूररेषाही पाहायला हवी. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा पाणी कुठवर चढले होते, हे शनिवार-नारायण पेठेतील जुन्या कुटुंबांत आजही सांगितले जाते. पण तो धरणफुटीचा अपवाद म्हणून सोडून देऊ नये. पुण्यात निळी पूररेषा ६० हजार क्युसेक विसर्ग धरून आखली आहे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक सोडले असताना सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांत पाणी शिरले. नकाशावरची रेषा पाहावीच, शिवाय तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारावे.

इमारत किती वर्षे टिकेल?

पुनर्विकास दहा वर्षे झाला नाही, तर याच भिंतींत राहायचे आहे. तीस वर्षांवरील इमारतीचे संरचनात्मक परीक्षण करून घेणे महापालिका कायद्यानुसार मालक-रहिवाशांवर बंधनकारक आहे. त्यामुळे आधी तो अहवाल मागावा. ‘अजून केला नाही’ असे उत्तर आले, तर तीही माहितीच.

तोवर डोळ्यांनी पुष्कळ कळते. आरसीसी इमारतीत काँक्रीटमध्ये पाणी आणि हवा शिरली की आतली सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे वरचे आवरण फुगून सुटते. तुळईच्या खालच्या बाजूला सळईच्या समांतर लांबट भेग दिसली, तर ती रंगाच्या हाताने बरी होणारी नाही. असे पहिले नुकसान संडास-बाथरूमच्या खालचा स्लॅब, गच्चीवरील टाकीखालचे खांब आणि बाल्कनीची कड येथे दिसते. म्हणून आपला फ्लॅट पाहून झाल्यावर खालच्या मजल्यावरच्यांना त्यांच्या बाथरूमचे छत दाखवण्याची विनंती करावी. नुकतेच बसवलेले फॉल्स सीलिंग असेल, तर त्यातला एक दिवा काढून वर पाहायला हरकत नाही. पाहणी पावसाळ्यात झाली तर उत्तम.

काही जुन्या इमारती आरसीसी नसून वजन पेलणाऱ्या विटांच्या भिंतींवर उभ्या असतात. तिथे खालच्या दुकानदाराने गाळा मोठा करण्यासाठी मधली भिंत काढली असेल, तर वरच्या सगळ्या मजल्यांचा प्रश्न आहे. हजार-दोन हजारांचा मोह न धरता स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनीअर नेणे स्वस्त पडते.

वस्ती कशी पाहायची?

रविवारी सकाळी पेठ शांत आणि सुंदर दिसते. त्या वेळी घर दाखवणाऱ्यांना हे ठाऊक असते. एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला जावे आणि गाडी लावून दाखवावी. सदाशिव-नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांमुळे अभ्यासिका, मेस, कॉट बेसिसवरच्या खोल्या यांची दाटी आहे. भाड्याने द्यायला घर हवे असेल त्याला हे सोयीचे. कुटुंबासह राहणाऱ्याने इमारतीत किती फ्लॅटची वसतिगृहे झाली आहेत, हे मोजावे. पाण्याचा वेळ आणि दाब, सांडपाण्याची जुनी वाहिनी, रुग्णवाहिका व अग्निशमन गाडी दारापर्यंत येते का, हे शेजारीच सांगतील. लक्ष्मी, कुमठेकर, केळकर, टिळक या चार विसर्जन मार्गांलगत घर असेल, तर गणेशोत्सवात काही दिवस वाहन विसरावे लागते. ज्यांना त्याच कारणासाठी पेठेत राहायचे आहे, त्यांना हे सांगायची गरज नाही.

पैशाचा हिशेब कुठे चुकतो?

पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, केवळ महिलेच्या नावे खरेदी असल्यास सहा टक्के. नोंदणी शुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये. ८० लाखांच्या फ्लॅटला पहिल्या हिशेबाने ५ लाख ६० हजार मुद्रांक शुल्क होते. ते करारातील किंमत आणि शासकीय मूल्यांकन यांतील जास्त रकमेवर आकारले जाते. जुन्या इमारतीच्या मूल्यांकनात वयानुसार घसारा धरला जातो, त्यासाठी इमारत कधीची आहे याचा पुरावा जोडावा लागतो. कर्ज देताना बँकाही इमारतीचे उरलेले आयुष्य पाहतात, त्यामुळे नव्या घराला मिळते तेवढी रक्कम किंवा मुदत मिळेलच असे नाही. मंजुरीपत्र हातात नसताना मोठे टोकन देणे धोक्याचे. टोकनच्या पावतीवर ‘कर्ज नामंजूर झाल्यास किंवा मालकी हक्कात दोष आढळल्यास संपूर्ण रक्कम परत’ ही ओळ लिहून घ्यावी, आणि मालक एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांच्या सह्या.