आमचे फोटो आम्ही काढू : शेणव्याचा जाहीरनामा

आम्ही ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली माणसं आहोत. शेणव्यात एकत्र येऊन आम्ही जाहीर करतो की, आमच्या गावपाड्यांचे फोटो यापुढे आम्ही काढू, त्यांखालच्या ओळी आम्ही लिहू आणि ते कुणापुढे ठेवायचे हेही आम्हीच ठरवू.

तानसा धरण 1892 सालचं. मागाहून मोडकसागर झालं, भातसा झालं. आमच्या डोंगरांचं पाणी मुंबईच्या नळांना जातं आणि एप्रिल-मे आला की त्याच शहापूर तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात पोरांची शाळा तुटते. रस्ता नसलेल्या पाड्यावरून अडलेल्या बाईला झोळीतून खाली आणावं लागतं. हे कुणापासून लपलेलं नाही. तरी अर्ज घेऊन गेलं की टेबलापलीकडून विचारणा होते : पुरावा काय?

कॅमेरा या मुलखाला नवा नाही. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 सालची. पण इंग्रज सरकारने कॅमेरा वापरला तो माणसांची वर्गवारी लावायला. 1868 ते 1875 या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले आणि त्यांत जितीजागती माणसं जातीजमातींचे नमुने होऊन उभी राहिली. 1876-78 च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्याने भुकेने सापळा झालेल्यांना मांडून बसवलं आणि फोटो काढले. ती नजर अजून गेलेली नाही. आजही कुणी गाडीतून उतरतो, उघड्या पोराचा फोटो घेतो, खाली ‘गरीब आदिवासी’ लिहितो आणि निघून जातो. पोराचं नाव तो विचारत नाही. फोटो पाड्यावर कधी परत येत नाही.

आम्ही मानतो की फोटोने दया मागू नये, हक्क मागावा. 1908 पासून लुईस हाइनने अमेरिकेतल्या गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढले, सोबत मुलाचं वय, काम आणि ठिकाण टिपलं. बालमजुरीविरुद्धच्या लढ्याला त्या नोंदींनी बळ दिलं. आपल्या मुंबईत सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांसोबत वर्षानुवर्षं राहून त्यांचं गटारातलं काम आणि त्यांचं घर शहराला दाखवलं. त्या फोटोंतली माणसं मान वर करून आपल्याकडे बघतात. आम्हाला तसे फोटो हवे आहेत.

आणि कायदा आमच्या बाजूने आहे. वनहक्क कायद्याखाली 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवताना घर, बांध, विहीर, दफनभूमी, देवाचं ठिकाण या खुणा पुराव्यात धरल्या जातात. त्या प्रत्येक खुणेचा फोटो, तारीख आणि गावातल्या जाणत्यांचा जबाब आम्ही दाव्याला जोडू. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली आणि वेठबिगाराला सोडवण्याची जबाबदारी जिल्हाधिकारी व त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांवर आली. भट्टीवर कुणाला अडकवून ठेवलं असेल तर तिथला फोटो आधी त्यांच्या हाती जाईल, चव्हाट्यावर नाही. कारण चेहरा उघड झाला तर मार त्या मजुरालाच पडतो.

मार्च ते जून, दर सोमवारी, त्याच जागेवरून आम्ही पाड्याच्या विहिरीचा फोटो काढू. पाण्याची पातळी कशी उतरते, हंड्यांची रांग कशी वाढते, टँकर आला की नाही, हे त्या फोटोंच्या माळेतून तहसीलदारांना दिसेल. एका फोटोला अपवाद म्हणता येतं, चार महिन्यांच्या फोटोंना म्हणता येत नाही. पाणी आणणाऱ्या बायकाच हे फोटो काढतील, कारण कुठल्या वेळी पाणी झिरपतं आणि कुठल्या वेळी भांडण होतं हे त्यांनाच कळतं.

विचारल्याशिवाय आम्ही कुणाचा फोटो काढणार नाही. नको म्हटलं की कॅमेरा खाली. प्रेताचा, बाळंतपणाचा, उघड्या अंगाचा फोटो आम्ही काढणार नाही. ज्याचा फोटो, त्याला पहिली प्रत. भाताची लावणी, तारपा, लग्नाचा मांडव हेही आम्ही टिपू, कारण आमचं जगणं फक्त टंचाईचं नाही. हे सारे फोटो 1 मे आणि 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत भिंतीवर लागतील, मुरबाडच्या म्हसा यात्रेत लागतील. मुंबईचं कलादालन त्यानंतर.

तुमच्याजवळ साधा फोन असेल तर या. फोन नसेल, पण लिहिता येत असेल तर ओळी लिहायला या. लिहिता येत नसेल तर सांगायला या. गावाची जुनी हद्द, बुडालेली शेतं आणि विहिरींची वयं तुम्हालाच ठाऊक आहेत. आणि मुंबईकरांनो, तुम्हीही या. तुमच्या नळाचं पाणी जिथून येतं तो तालुका एकदा उन्हाळ्यात येऊन बघा आणि आमच्या अर्जावर सही करा.